खटका तुटला तर कुठे पडतो?

रुग्णालयातल्या यंत्रदुरुस्तीच्या खोलीत सगळ्यात जास्त काय येत असेल, असं विचारलं तर लोक मॉनिटर म्हणतात, नाहीतर शिरेतून औषध सोडणारा इन्फ्युजन पंप. येतात तेही. पण माझा खास वैरी म्हणजे फूटस्विच. ऑपरेशनच्या वेळी उच्च वारंवारतेच्या विजेने ऊती कापायचं आणि रक्तस्राव थांबवायचं जे यंत्र असतं, ज्याला सगळे नुसतं कॉटरी म्हणतात, त्याची ही पायाने दाबायची जोडी. पिवळं पेडल कापायला, निळं रक्त थांबवायला. ही वस्तू जन्मभर जमिनीवर पडलेली असते आणि थिएटरच्या जमिनीवर सलाइन, रक्त, जंतुनाशक, काय वाट्टेल ते सांडत असतं. केबल जिथे पेडलच्या पोटात शिरते तिथलं रबर कडक होतं, चिरतं आणि खारं पाणी हळूहळू आत झिरपतं.

पाणी शिरलेला फूटस्विच दोन तऱ्हांनी बिघडतो. आतले संपर्क गंजले तर सर्जन पेडल दाबतच राहतात आणि यंत्र ढिम्म. आरडाओरडा होतो, फोन येतो, मी दुसरा फूटस्विच घेऊन पळते. त्रास होतो, पण सगळ्यांना कळतं. दुसरी तऱ्हा वाईट. खारं पाणी स्वतःच वीज वाहून नेतं, त्यामुळे कुणाचाही पाय नसताना यंत्राला वाटतं पेडल दाबलंय. त्या वेळी कॉटरीची पेन्सिल रुग्णाच्या अंगावरच्या कापडावर नुसतीच ठेवलेली असेल तर पुढचं सांगायला नको. म्हणून पेन्सिल वापरात नसताना म्यानात ठेवायची शिस्त असते. म्हणूनच बरीच यंत्रं चालू होताना आधी तपासतात, की कुठलं बटण आत्ताच दाबलेलं दिसतंय का. दिसलं तर ती कामाला नकार देतात.

या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर एक खोड लागली आहे. कुठलाही खटका समोर आला की तो चालतो कसा यापेक्षा तो तुटला तर कुठल्या बाजूला पडतो, हे मी आधी बघते.

मोठ्या यंत्रांवर लाल रंगाचं, भूछत्रासारखं आपत्कालीन बटण असतं ना, त्याची जोडणी आपल्या अंदाजाच्या उलट असते. बटण दाबलं की थांबायचा संकेत जातो आणि यंत्र थांबतं, असं नाही. त्या बटणातून एक प्रवाह सतत वाहत असतो आणि तो वाहतोय तोवरच यंत्राला चालायची मुभा असते. बटण दाबलं की तो प्रवाह तुटतो. यातली गंमत अशी, की तार उंदराने कुरतडली, स्क्रू ढिला झाला, जोड गंजला, तरीही प्रवाह तुटतो आणि यंत्र थांबतं. बिघाडाला पडायला एकच बाजू ठेवलेली असते.

पण 'बंद म्हणजे सुरक्षित' हा नियम सगळीकडे लावायला गेलात तर माणूस माराल. व्हेंटिलेटर बिघडला तर त्याने नुसतं थांबून चालत नाही. त्यातली एक झडप आपोआप उघडून रुग्णाला निदान खोलीतली हवा स्वतःच्या श्वासाने घेता आली पाहिजे. भूल द्यायच्या यंत्रात ऑक्सिजनचा दाब घसरला की नायट्रस ऑक्साइड बंद करणारी झडप असते, आणि जुन्या यंत्रांत ती निव्वळ स्प्रिंग आणि दाबावर चालते, एकही तार नसते. मला ती झडप फार आवडते. पेसमेकरचं तर पूर्ण उलट. त्याची बॅटरी संपत आली किंवा आतल्या संगणकाचा गोंधळ झाला तर तो साध्या, बाळबोध पद्धतीने का होईना, ठोके देत राहतो. कॉटरीने गप्प बसावं, पेसमेकरने बोलत राहावं. सुरक्षित बाजू कोणती, हे खटका ठरवत नाही, पलंगावर कोण आहे ते ठरवतं.

हे सगळं आत्ता लिहायला बसले त्याला कारण माझी भाची. ती जनुकांना खटके बसवते. म्हणजे एखादं जनुक हवं तेव्हा चालू व्हावं, नको तेव्हा बंद राहावं, अशी रचना पेशीच्या आत करायची. ती पीएचडी करतेय आणि आमचं फोनवरचं बोलणं निम्मं घरचं, निम्मं यावरच असतं. तिने पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा मी सवयीने विचारलं, "तुटला तर कुठे पडतो?" ती म्हणाली, "मावशी, आमच्याकडे असं कुणी विचारत नाही. आम्ही विचारतो, चालतो का." मग थोडं थांबून म्हणाली, "पण ज्यांनी पहिला शोधला त्यांनी बहुतेक हेच विचारलं असेल."

ते तसंच होतं. आतड्यात राहणारा ई. कोलाय नावाचा जीवाणू ग्लुकोज मिळत असेल तोवर लॅक्टोजकडे ढुंकूनही बघत नाही. ग्लुकोज संपलं आणि लॅक्टोज समोर असेल, तरच ते पचवायची विकरं बनवतो. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी यामागची यंत्रणा १९६१ साली मांडली. १९६५चं नोबेल त्यांना आंद्रे ल्वॉफ यांच्यासह मिळालं. डीएनएवर विकरांच्या जनुकांच्या तोंडाशी एक जागा असते, तिथे एक प्रथिन, रिप्रेसर, बसून वाट अडवतं. लॅक्टोजपासून बनलेला एक रेणू त्या रिप्रेसरला चिकटला की त्याची पकड सुटते आणि जनुक चालू होतं.

मला यात खरी मजा आली ती त्यांनी हे शोधलं कसं यात. त्यांच्याकडे बिघडलेले जीवाणू होते, लॅक्टोज असो वा नसो, रात्रंदिवस विकर बनवत बसणारे. आर्थर पार्डी यांच्याबरोबर केलेल्या प्रयोगात त्यांनी अशाच बिघाडाच्या, पण विकराचं जनुकही मोडलेल्या जीवाणूत धडधाकट जीवाणूकडून चांगली जनुकं जाऊ दिली. विकर आधी बनायला लागलं आणि काही वेळाने थांबलं. म्हणजे चांगल्या जनुकाने अडवणारं काहीतरी तयार केलं, ते पेशीत साठायला वेळ लागला आणि साठल्यावर त्याने काम बंद पाडलं. आम्ही याला पार्ट बदलून बघणं म्हणतो. मॉनिटरवर ईसीजी दिसत नसेल तर चांगली केबल लावून बघायची, आला तर दोष केबलमध्ये. बसायची जागाच खराब असेल तर बाहेरून कितीही चांगला रिप्रेसर आणा, जनुक बंद होत नाही. असेही जीवाणू त्यांना सापडले. ते रिप्रेसर प्रथिन प्रत्यक्ष हाती लागायला १९६६ उजाडलं, वॉल्टर गिल्बर्ट आणि बेनो म्युलर-हिल यांच्या हातून. तोवर पाच वर्षं ही वस्तू केवळ बिघाडांच्या नमुन्यावरून अस्तित्वात होती. दुरुस्तीवाल्याला याहून मोठा मान काय हवा?

आणि हा खटका तुटला तर बहुधा चालूच्या बाजूला पडतो, कारण तो अडवून चालतो. अडवणारा गेला की वाट मोकळी. जीवाणूला त्यात फारसं काही गमवावं लागत नाही, थोडी प्रथिनं वाया जातात इतकंच. पण हाच खटका माणसाच्या पेशीत, जिवावर उठू शकणाऱ्या जनुकासमोर बसवला तर?

त्याकडे येते. आधी थोडं थरथरण्याविषयी, कारण तिथे आमच्या दोघींच्या शास्त्रांचं नातं माझ्या कल्पनेपेक्षा जवळचं निघालं.

धातूचा कुठलाही संपर्क एका फटक्यात जुळत नाही. बटण दाबलं की पात्याला पातं आपटतं, उसळतं, पुन्हा आपटतं. काही मिलिसेकंदांचा खेळ, पण संगणक तेवढ्यात पाचसहा वेळा बटण दाबल्याचं मोजू शकतो. पंपावर एक मिलिलीटर वाढवायला गेलात आणि तीन वाढले, असं होऊ नये म्हणून हे थरथरणं गाळावं लागतं. त्यातला एक उपाय असा, की चालू व्हायची पातळी आणि बंद व्हायची पातळी मुद्दाम वेगवेगळी ठेवायची. एकदा चालू झालं की संकेत थोडा घसरला तरी चालूच राहायचं, बराच खाली गेला तरच बंद. असं सर्किट ऑटो श्मिट यांनी १९३८ साली प्रसिद्ध केलं, श्मिट ट्रिगर म्हणून ते आजही इंजिनिअरिंगच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला शिकवतात. मी शिकले, परीक्षेत काढलं, शेकडो बोर्डांवर पाहिलं. पण ते श्मिट यांना सुचलं स्क्विड या सागरी प्राण्याच्या मज्जातंतूंतून संदेश कसा जातो याचा अभ्यास करताना, हे मला शिकवताना कुणी सांगितलं नाही. मज्जातंतू 'थोडासा' पेटत नाही. पातळी ओलांडली की पूर्ण, नाहीतर शून्य. ते बघून त्यांनी तसं सर्किट केलं.

जीवाणूही असेच हट्टी. आरॉन नोविक आणि मिल्टन वायनर यांनी १९५७ साली दाखवलं, की लॅक्टोजसारखा रेणू अगदी थोडा दिला तर सगळे जीवाणू थोडं थोडं विकर बनवत नाहीत. काही जीवाणू पूर्ण चालू असतात, बाकीचे पूर्ण बंद, आणि मोजताना सरासरी मधली येते. एकदा चालू झालेल्या जीवाणूंची पिल्लावळ तेवढ्या कमी मात्रेतही चालूच राहते, आणि बंद असलेल्यांची बंद. कारण चालू झालेला जीवाणू लॅक्टोज आत ओढणारं प्रथिनही बनवतो, म्हणजे स्वतःच स्वतःला चालू ठेवतो. भाची म्हणते, पेशीसमूहाची सरासरी बघून खटक्याबद्दल बोलणारा माणूस तिला चालत नाही. मला पटतं. वॉर्डमधल्या दहा पंपांची सरासरी बरोबर असून काय करायचं, जर त्यातले दोन बंद आणि दोन दुप्पट वेगाने चालत असतील?

मग २००० सालच्या जानेवारीत गार्डनर, कँटर आणि कॉलिन्स या तिघांनी ई. कोलायमध्ये मुद्दाम जोडून केलेला दुतर्फा खटका जाहीर केला. दोन रिप्रेसर, पहिला दुसऱ्याचं तोंड दाबतो, दुसरा पहिल्याचं. जो वरचढ ठरेल तो टिकतो. एक रसायन थोडा वेळ दिलं की पेशी एका स्थितीत जातात आणि रसायन धुऊन काढलं तरी तिथेच राहतात. परत फिरवायला दुसरं रसायन, किंवा रचनेच्या एका प्रकारात उष्णता. आम्ही याला लॅच म्हणतो. फरक इतकाच, की माझा लॅच क्षणात पलटतो आणि तिचा पलटायला तास मोजावे लागतात, कारण जुनं प्रथिन पेशी वाढताना विरळ व्हावं लागतं, नवं बनावं लागतं. "तुझं बटण दाबून जेवून यायचं का?" असं मी एकदा विचारलं होतं. "जेवून, झोपून," ती म्हणाली.

आता एक जुनी गोष्ट, जी माझ्या क्षेत्रातल्या प्रत्येकाने वाचलेली असते आणि जी मी तिला वाचायला लावली. थेरॅक-२५. कर्करोगावर किरणोपचार करायचं यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात या यंत्राने सहा रुग्णांना प्रचंड जादा मात्रा दिली, त्यातले काही दगावले. यंत्र दोन पद्धतींनी चालायचं: थेट इलेक्ट्रॉन झोत, नाहीतर क्ष-किरण. क्ष-किरणांसाठी झोत सुमारे शंभर पट तीव्र लागतो, पण तो मध्ये ठेवलेल्या धातूच्या लक्ष्यावर आपटून क्ष-किरण बनतात, त्यामुळे रुग्णाला तो थेट लागत नाही. हे लक्ष्य एका फिरत्या चकतीवर बसवलेलं. चकती चुकीच्या जागी आणि झोत पूर्ण ताकदीचा, हे कधीही एकत्र व्हायला नको.

आधीच्या थेरॅक-२० यंत्रात ते होऊ न देण्यासाठी स्वतंत्र यांत्रिक-विद्युत अडसर होते. थेरॅक-२५ मध्ये ते काढून ती जबाबदारी सॉफ्टवेअरवर टाकली. टेक्सासमधल्या टायलर गावच्या रुग्णालयात ऑपरेटरने चुकून क्ष-किरणांचं अक्षर टाइप केलं, लगेच वर जाऊन ते इलेक्ट्रॉनचं केलं, आणि सुमारे आठ सेकंदांत सगळं उरकल्यामुळे यंत्राच्या एका भागाला बदल कळला, दुसऱ्याला नाही. पडद्यावर आलं 'मालफंक्शन ५४'. ज्यावरून काहीही अर्थबोध होऊ नये असा संदेश. नंतर कळलं, की हीच चूक थेरॅक-२०च्या सॉफ्टवेअरमध्येही होती. तिथे फक्त फ्यूज उडायचे. लोक वैतागून फ्यूज बदलायचे आणि पुढे जायचे. ज्या अडसराला कुणी श्रेय देत नव्हतं, तो माणसं वाचवत होता.

दुसऱ्या एका अपघातामागे तर माझ्या मते खटक्यांच्या इतिहासातला सगळ्यात क्रूर विनोद आहे. चकतीची जागा तपासायची की नाही हे सांगायला सॉफ्टवेअरमध्ये एक खूण होती. शून्य म्हणजे तपासायची गरज नाही. खूण लावताना तिथे 'एक' लिहायच्या ऐवजी दर वेळी एकाची भर घालत होते. आठ बिटांच्या जागेत २५५ नंतर पुन्हा शून्य येतं. म्हणजे दर २५६व्या फेरीला तपासणी गुपचूप वगळली जायची. त्या क्षणी कुणी बटण दाबलं तर संपलं.

कॅनडातल्या अपघातानंतर कंपनीने चकतीची जागा ओळखणाऱ्या मायक्रोस्विचवर संशय घेतला, दोष पुन्हा घडवून दाखवता आला नाही, तरी त्यात सुधारणा केली आणि यंत्र किमान एक लाख पट सुरक्षित झाल्याचं कळवलं. त्यानंतरही माणसं भाजली. शेवटी जे उपाय झाले त्यात प्रत्यक्ष हार्डवेअरचे अडसर आले, आणि एक फूटस्विचही आला, जो ऑपरेटरने दाबून धरला असेल तोवरच चकतीसारखे भाग हलतील असा.

भाचीने हे वाचून विचारलेला प्रश्न मला आवडला. "म्हणजे एकाच पेशीत दोन खटके बसवले, पण दोन्ही एकाच जनुकाच्या जोरावर चालत असतील, तर ते दोन नाहीतच ना?" नाहीतच.

खटका कोणाच्या बोटाखाली आहे हा प्रश्न वेगळा. ऑपरेशननंतर दुखणं कमी करायला रुग्णाच्या हातात एक बटण देतात. दाबलं की पंप ठरलेली मात्रा सोडतो आणि मग काही मिनिटं कितीही दाबा, काही देत नाही. या रचनेतला खरा सुरक्षा-खटका ते बटण नाही, झोप आहे. मात्रा जास्त झाली की रुग्ण गुंगतो आणि गुंगलेला माणूस बटण दाबत नाही. शेजारी बसलेल्या नातेवाइकाने प्रेमापोटी 'झोपेत कण्हतोय बिचारा' म्हणून ते दाबलं की ही सगळी रचना कोसळते. त्यावर चिकटवलेली सूचना कुणी वाचत नाही, मी सांगितलं तर लोकांना मी निर्दय वाटते.

पेसमेकरचा एक खटका तर कुठल्याही चुंबकाच्या ताब्यात असतो. काचेच्या बारीक नळीत लोखंडी मिश्रधातूची दोन पाती, चुंबक जवळ आला की चिकटतात. नव्या उपकरणांत त्याजागी चुंबकीय संवेदक असतो. साध्या पेसमेकरवर चुंबक ठेवला की तो हृदयाचं ऐकणं सोडून ठरावीक गतीने ठोके देतो, आणि हृदयाची लय जीवघेणी बिघडली की झटका देणाऱ्या, शरीरात बसवलेल्या आयसीडीवर ठेवला की सहसा त्याचे झटके थांबतात. ऑपरेशनमध्ये कॉटरीच्या विजेने ही उपकरणं गोंधळू नयेत म्हणून याचा फार उपयोग. ही सोय ठरवली गेली तेव्हा छातीच्या खिशात जोरदार चुंबक घेऊन कुणी फिरत नव्हतं. २०२१ साली अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांनी आयफोन १२ रुग्णाच्या छातीजवळ नेऊन आयसीडी गप्प होतो हे दाखवून दिलं. कंपनी स्वतःच आता फोन अशा उपकरणांपासून १५ सेंटीमीटरहून जास्त दूर ठेवायला सांगते.

जनुकांच्या दुनियेतलं असं चुंबक म्हणजे डॉक्सिसायक्लीन. साधं, स्वस्त प्रतिजैविक. मान्फ्रेड गोसेन आणि हेर्मान बुयार्ड यांनी १९९२ साली जीवाणूंच्या प्रतिकारशक्तीतला एक रिप्रेसर घेऊन सस्तन प्राण्यांच्या पेशीत चालणारा खटका बनवला. टेट्रासायक्लीन दिलं की जनुक बंद. १९९५ मध्ये उलटा प्रकार आला, डॉक्सिसायक्लीन दिलं की चालू. दोन्ही प्रयोगशाळांत सर्रास वापरतात, उंदरांना पाण्यातून किंवा खाण्यातून औषध देऊन. कुठला निवडायचा हे संशोधक सोयीने ठरवतात. मी असते तर फक्त एक विचारलं असतं: पाण्याची बाटली गळून रिकामी झाली, तर जनुक कुठल्या बाजूला हवं?

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त अडवणारा खटका मात्र वेगळाच आहे. अस्थिमज्जा प्रत्यारोपणात दात्याच्या टी-पेशी रुग्णाला दिल्या, तर संसर्गाशी लढायला मदत होते, पण कधी कधी त्याच पेशी रुग्णाच्या शरीरावर हल्ला चढवतात. ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमधल्या गटाने या पेशींत आधीच एक आत्महत्येचा खटका बसवला. कॅस्पेज-९ हे प्रथिन पेशीचा नियोजित मृत्यू सुरू करतं, पण त्यासाठी दोन रेणू एकत्र यावे लागतात. त्यांनी त्याला अशी शेपटी जोडली, की एक विशिष्ट औषध दिलं तरच दोन शेपट्या जुळतील. एरवी ते औषध शरीरात दुसरं काही फारसं करत नाही. २०११ साली त्यांनी प्रसिद्ध केलं: ज्या चार रुग्णांत हल्ला सुरू झाला, त्यांना औषधाची एकच मात्रा दिली आणि ३० मिनिटांत बदललेल्या पेशींपैकी ९० टक्क्यांहून जास्त नष्ट झाल्या. तो हल्ला थांबला आणि परतला नाही.

तीस मिनिटं! जनुक चालू होऊन प्रथिन बनायची वाट बघावी लागत नाही म्हणून हा वेग. प्रथिन आधीच तयार बसलेलं असतं, फक्त जोडी जमायची असते.

तरी मी हा खटका माझ्या कसोटीवर लावला आणि अडले. हा तुटला तर गप्प तुटतो. जनुक बंद पडलं, प्रथिन कमी बनलं, तर पेशी मजेत जगते, उलट इतरांहून बरी. गरज पडेपर्यंत कुणाला कळत नाही. आणि मुख्य म्हणजे रुग्णाच्या अंगात तो चालतो का हे तपासायचं तर दाबावा लागतो, आणि दाबला की तो ज्यांच्यात होता त्या पेशीच गेल्या. लाल बटण मी ठरावीक काळाने दाबून बघते, नोंदवहीत सही करते. याची सही कोण कशी करणार?

आयसीडीच्या बाबतीत असाच पेच होता. झटका लागू पडतो का हे बघायला बसवतानाच रुग्णाच्या हृदयात मुद्दाम जीवघेणी थरथर निर्माण करायचे आणि उपकरणाला ती थांबवू द्यायचे. थरकाप उडवणारी चाचणी, आणि अनेक वर्षं ती रीत होती. २०१५ मध्ये २५०० रुग्णांचा सिंपल नावाचा अभ्यास आला. ही चाचणी सरसकट केल्याने रुग्णांचं भलं होताना दिसलं नाही, आणि पुष्कळ ठिकाणी ती मागे पडली. तिथे ते परवडलं, कारण उपकरणाची तार, बॅटरी, प्रतिरोध हे सगळं रोज आपोआप तपासता येतं. पेशीची अशी रोजची तपासणी कशी करायची? निदान रक्त काढून बाहेर नमुन्यावर औषध टाकून बघता येतं, असं भाची म्हणते. रक्तातल्या पेशींचं कळेल. ऊतींत दडलेल्यांचं?

आता एक खटका असा, जो तुटलेलाच बरा. गर्भात असताना आपल्या लाल पेशींत वेगळं हिमोग्लोबिन असतं. जन्मानंतर काही महिन्यांत ते बंद होऊन प्रौढ हिमोग्लोबिन चालू होतं. सिकलसेलच्या रुग्णात दोष असतो तो प्रौढ हिमोग्लोबिनमध्ये. जॅनेट वॉटसन या बालरोगतज्ज्ञ महिलेने १९४८ सालीच लक्षात आणून दिलं होतं, की तान्ह्या बाळांत हा आजार फारसा दिसत नाही आणि त्याचं कारण गर्भातलं हिमोग्लोबिन असावं. काही माणसांत तर हे बंद होणंच जन्मतः बिघडलेलं असतं, आयुष्यभर गर्भातलं हिमोग्लोबिन बनत राहतं, आणि त्यांचं काहीही बिघडत नाही. शिवाय त्यांच्यात सिकलसेलचा दोष असला तरी तो सौम्य राहतो. निसर्गाने करून ठेवलेली बिघाडाची चाचणी, आणि निकाल उत्तम.

२००८ साली कळलं, की हे बंद करण्याच्या कामात बीसीएल११ए नावाचं प्रथिन मुख्य आहे. मग ते काढून टाकायचं? नाही जमत. मेंदूच्या आणि काही पांढऱ्या पेशींच्या घडणीत ते लागतं. पण लाल पेशींत ते जनुक चालू ठेवणारा एक वेगळा तुकडा, एन्हान्सर, सापडला. मुख्य पुरवठा तसाच ठेवून फक्त त्या एका शाखेची तार कापायची. कॅसजेव्ही या उपचारात रुग्णाच्याच मूळपेशी काढून, क्रिस्पर या डीएनए कापायच्या तंत्राने नेमका तो तुकडा बिघडवून, परत देतात. ब्रिटनने त्याला १६ नोव्हेंबर २०२३ रोजी मान्यता दिली, अमेरिकेने पुढच्याच महिन्यात. पेशी परत देण्याआधी रुग्णाची मूळची अस्थिमज्जा तीव्र औषधांनी रिकामी करावी लागते, तो भाग मुळीच हलका नाही. पण खटक्याच्या दृष्टीने ही रचना मला सगळ्यात प्रामाणिक वाटते. चालू-बंद करायची भानगडच नाही. तुटलेल्या अवस्थेत ठेवलाय आणि तुटलेला खटका आणखी तुटत नाही.

सध्या आमचा वाद चालू आहे तो 'डेडमॅन' प्रकारावर. दाबून धरलाय तोवर चालणार, सोडला की थांबणार, असा खटका. एक्स-रेचं बटण असंच: बोट उचललं की किरण बंद. दुतर्फा खटका करणाऱ्या कॉलिन्स यांच्याच गटाने २०१६ साली जीवाणूंसाठी याच नावाचा खटका केला. ठरावीक रसायन मिळतंय तोवर जीवाणू जगतो, ते थांबलं की त्याचं विष मोकळं होऊन तो मरतो. म्हणजे प्रयोगशाळेतून निसटला तर आपोआप संपला. भाचीचं म्हणणं, उपचाराच्या पेशींतही हेच हवं. रुग्ण रोज एक गोळी घेईल तोवर पेशी जगतील. खटका रोज तपासला जाईल, माझी तक्रारच मिटेल.

मी म्हटलं, "रुग्णाला दोन दिवस उलट्या झाल्या, गोळी पोटात राहिली नाही, तर त्याचा उपचारच मेला. पुन्हा पेशी कुठून आणणार?"

"मग मरायला वेळ लावू. तीन-चार दिवसांची सवलत."

"आणि पेशी अंगावर उलटल्या तर तेवढेच तीन-चार दिवस थांबायचं?"

शिवाय जीवाणूंतला तिचाच अनुभव आहे, की मारणारा खटका बसवलेल्या पेशींत ज्या एखादीचा खटका फेरबदलाने मोडतो, तीच पुढे बाकीच्यांना मागे टाकून वाढते. ती म्हणते, त्यासाठी दोन स्वतंत्र खटके. मी म्हणते, किती स्वतंत्र ते दाखव. तिच्या गटातल्या डॉक्टरांनी आमच्या दोघींच्या वादावर एकच विचारलंय: रोग कोणता? रक्ताच्या कर्करोगात उपचाराच्या पेशी दोन दिवस आधी मेल्या तर रोग परत डोकं काढेल, म्हणून तिथे खटका जगण्याच्या बाजूला पडलेला बरा. पण शरीर स्वतःवरच उलटलेल्या, जिवाला तातडीचा धोका नसलेल्या आजारात याच पेशी वापरायच्या असतील, तर मरण्याच्या बाजूला. भाची आता दोन आराखडे करतेय. पहिला माझ्याकडे आलाय, आणि त्यातले दोन्ही खटके एकाच प्रमोटरवरून, म्हणजे जनुक चालू करणाऱ्या एकाच जागेवरून चालतात, हे तिला अजून सांगायचंय.